नेरीनाची पाच पिंपं

नेरीना बासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करायला निघाली होती. पण आधी कागद, मग चर्च, असं तिनं होणाऱ्या नवऱ्याला, लेआर्कोला, बजावलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

ती जन्मली त्या वर्षी बापानं माळ्यावर सिरक्याची, म्हणजे द्राक्षांच्या व्हिनेगरची, पाच लाकडी पिंपं मांडली होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एका रांगेत. इटलीतल्या मोदेनात जुन्या घरांतून मुलगी झाली की तिच्या नावानं अशी रांग मांडतात. सिरका काढायचा तो फक्त धाकट्यातून. हिवाळ्यात त्याची तूट शेजारच्यातून भरायची, त्याची त्याच्या शेजारच्यातून, आणि शेवटी थोरल्यात द्राक्षांचा आटवलेला नवा रस. पहिल्या नवऱ्यानं यातलं तुतीच्या लाकडाचं पिंप तिला न विचारता विकून टाकलं होतं. त्याच्या जागी आणलेल्या पिंपाकडे ती अजून तिरक्या नजरेनंच बघायची. उरलेल्यांवर तरी दुसऱ्या कुणाचा हक्क नको, एवढंच तिला हवं होतं.

नोटरी झिरोनीबाईंनी मालमत्तेचा करार मोठ्यानं वाचायला घेतला. साक्षीला समोरचा बेकरीवाला आणि औषधांच्या दुकानातल्या बाई होत्या. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडे. जे नक्की कुणाचं ते सिद्ध होणार नाही, ते निम्मंनिम्मं. "पाच पिंपं, आतल्या सिरक्यासह, नेरीनाची," इथवर बाई आल्या आणि लेआर्को खाकरला.

"आतलं सगळं तिचं नाही," तो म्हणाला.

नेरीनाला पहिला नवरा आठवला. हाही त्यातलाच निघाला की काय?

झालं होतं ते असं. गेल्या हिवाळ्यात ती पाय मोडून पडली होती, आणि पिंपं यंदा तशीच राहू देत म्हणाली होती. लेआर्कोला राहवलं नाही. त्यानं सगळी पिंपं रीतसर भरली आणि थोरल्यात स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांचा तीस लिटर रस ओतला.

"मला का नाही बोललास?"

"तू नको म्हणाली असतीस. पिंपं तहानलेली राहिली असती," तो म्हणाला. "पण म्हणून कागदावर खोटं कशाला लिहायचं?"

झिरोनीबाईंनी पेन खाली ठेवलं. तो रस आता वेगळा कसा काढणार? बेकरीवाल्याच्या मते तो अजून थोरल्यातच होता. औषधवाल्या बाई म्हणाल्या, या हिवाळ्यात दुसऱ्यात उतरेल, मग तिसऱ्यात. बाहेर पुढचे पक्षकार ताटकळत होते आणि आत चौघं बोटांवर वर्षं मोजत होती. रागवायचं विसरून नेरीनाही मोजायला लागली होती.

"धाकट्यात कधी पोचेल?" तिनं लेआर्कोलाच विचारलं.

"थेंबभर चौथ्या हिवाळ्यात. जिभेला कळायला बारा तरी."

 नेरीना झिरोनीबाईंकडे वळली. "लिहा. पिंपं माझी, सिरकाही माझा. बारा वर्षांनी धाकट्यातला सिरका आम्ही दोघांनी मिळून चाखायचा. त्याचा रस जिभेला लागला, तर निम्मा त्याचा."

लेआर्को एकाहत्तर वर्षांचा होता. "म्हणजे मी त्र्याऐंशीपर्यंत जगायचं?"

"अट आहे," नेरीना म्हणाली.

लेआर्कोनं ते कलम पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मग सही केली.