गेणबांचा मजकूर

गेणबांनी तेजश्रीला हातानं मागं सारलं आणि स्वतः टेबलासमोर उभे राहिले.

"सायेब, बोललो मी. पोरीनं निस्तं टायपिंग केलंय."

चौकीतल्या फौजदारांनी मान वर केली. माणूस वाईट नव्हता, आल्या आल्या त्यांनी दोघांसाठी चहा मागवला होता. पण टेबलावर कुरकुंभच्या एका कंपनीची तक्रार होती आणि तेजश्रीनं ऑर्कुटवर टाकलेल्या मजकुराची प्रिंट त्या तक्रारीला जोडलेली होती.

"आबा, कायद्याला बोलणारा दिसत न्हाई. ज्याच्या खात्यावरनं गेलं, तो दिसतो."

"मंग हेच मी चावडीम्होरं बोललो असतो तर?"

"तर चौकीपर्यंत कशाला आलं असतं?"

गेणबांना ते काही केल्या पटेना. कंपनीमागच्या ओढ्याचं पाणी पिऊन त्यांची मेंढरं मेली, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. विहाराशेजारच्या पत्र्याच्या गाळ्यात तेजश्रीनं हट्टानं नेट कॅफे थाटला होता. गेणबांसारखे ज्यांना लिहिता-वाचता येत नसे, ते तिथं येऊन बोलत आणि ती ते स्वतःच्या खात्यावरून ऑर्कुटवरच्या दौंडच्या कम्युनिटीत टाकी. कुणाचा शब्द बदलायचा नाही, शिवी आली तरी गाळायची नाही, याचा तिला भारी तोरा. 'पाण्यात इख सोडत्यात आन् वर आमालाच शानपन शिकवत्यात,' हे गेणबांचं वाक्यही तिनं जसंच्या तसं टाकलं होतं. प्रिंटवर लाल रेघ नेमकी त्याच्याखालीच होती.

"दिवाळीनंतर नेटवरच्या मजकुराला नवं कलम लागू झालंय पोरी. तीन वर्षं लिवल्यात त्यात. कॉम्प्युटर जप्त करावे लागतील ते निराळंच. त्यापरीस मजकूर काढ, माफी लिहून दे. मी मिटवतो."

"पण त्यात खोटं काय हाय, साहेब?"

"खोटं कोण म्हणतंय? कंपनीवाले त्रास झाला म्हणत्यात."

गाळा बंद पडला तर घरचे तेजश्रीला दुसरं काही करू देणार नव्हते. तिनं माफी लिहून दिली. सही करताना तिला गेणबांकडं बघवेना.

बाहेर आल्यावर तेच म्हणाले,

"बरं केलंस. तू कोठडीत बसून मेंढरं थोडीच उठणार व्हती."

महिन्याभरानं गेणबा पुन्हा गाळ्यात आले. स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

"हिरीच्या पाण्याला वास यायला लागलाय. म्हाळसाच्या, माझ्या सुनंच्या, हातावर फोड उठल्यात. लिव."

"पुन्हा, आबा?"

"गप बसायचं व्हय मंग? तुला भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. कायबी राग न्हाई."

तिला फार लाज वाटली.

"न्हाई. बोला तुम्ही."

गेणबा बोलत गेले. कंपनी, ओढा, विहीर, सुनेचे हात. तेजश्री टाईप करत होती, खोडत होती, पुन्हा टाईप करत होती. गेणबांना बटणांचा आवाज ऐकून समाधान वाटत होतं.

"आता वाच बरं."

स्क्रीनवर एकच ओळ होती: 'आमच्या परिसरातील पाण्याविषयी संबंधितांनी योग्य ती दखल घ्यावी, ही नम्र विनंती.'

तेजश्री नजर स्क्रीनवरच ठेवून वाचू लागली.

"कंपनीनं वढ्यात सोडल्यालं इख आता आमच्या हिरीत उतरलंय. माझ्या सुनंचे हात बघायला या..."

शेवटच्या शब्दापर्यंत तिनं सगळं वाचलं. गेणबा डोळे मिटून मान डोलवत होते.

"एक शब्द हिकडचा तिकडं न्हाई. दे धाडून."

तिनं बटण दाबलं.

गेणबा उठले. दारात थांबून म्हणाले,

"चौकीचं बोलावणं आलं तर एकटी जाऊ नगंस. मला हाक मार."

"व्हय, आबा."

बोलावणं येणार नाही, हे तिला सांगता आलं नाही.