तळाशी राहिलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग. माझ्यात डोकावलंत तर अजून बॅटीला लावायच्या जवसाच्या तेलाचा वास येईल. डब्लिनमधल्या एका कारागिराने मला शिवलं आणि तरुण बॅरिस्टर गॅरेट हॅकेट यांनी हौसेने विकत घेतलं. कोर्टाचा काळा झगा, केसांच्या टोपाचा डबा, क्रिकेटचे पॅड, सगळं ते माझ्यातच कोंबत. "हॅकेट, एक दिवस तू न्यायाधीशांपुढे पॅड बांधून उभा राहशील," असं मित्र चिडवत. तेव्हा मलाही हसू येई.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते.

त्या जुलैत किल्केनीला खुनाचा खटला होता. जमीनदाराचा कारभारी मारला गेला होता आणि मेंढपाळ लॅरी फेलनच्या गळ्याशी फास आला होता. त्याचे वकील होते हॅकेट. फेलन म्हणे, त्या संध्याकाळी मी होनोरा ब्रॉफीच्या गोठ्यात होतो, तिची गाय अडली होती. पण होनोरा विधवा, राहायची जमीनदाराच्याच घरात. साक्ष दिली तर रस्त्यावर येईल, म्हणून तिने आधी कानावर हात ठेवले.

खटल्याच्या आदल्या दिवशी वकिलांचा सामना होता. हॅकेट पॅड बांधून बसले होते. साहेबलोकांच्या खुर्च्यांमधून अंग चोरत होनोरा आली. पाद्रीबाबांकडून तिने लिहून आणलं होतं: मला बोलवा, मी सांगते.

"बॅगेत ठेवा बाई. संध्याकाळी वाचतो," हॅकेट म्हणाले. तेवढ्यात गडी बाद झाला आणि ते मैदानात गेले.

त्यांनी चौऱ्याण्णव धावा काढल्या. मित्रांनी त्यांना खांद्यावर घेतलं. घामेजलेला सदरा आणि पॅड त्या कागदावर येऊन पडले. आता हात तळाशी येईल, मग येईल, म्हणून मी वाट बघत राहिले. सकाळी हात आला, त्याने वरच खोचलेला झगा आणि डबा उचलला.

कोर्टात मी त्यांच्या पायाशी होते. होनोरा समोरच बसली होती. आपलं नाव पुकारतील म्हणून ती दोनदा उठली, शिपायाने दोनदा खाली बसवलं. दुपारी न्यायाधीशांनी फाशी सुनावताना घालतात ते काळं कापड डोक्यावर ठेवलं.

फेलनला फाशी झाल्यावर आठवड्याने, पुढच्या सामन्यासाठी हॅकेटनी मला रिकामं केलं. कागद उभ्यानेच वाचला. मग त्याच घड्यांवर दुमडून त्यांनी तो परत तळाशी ठेवला.

पानगळीच्या दिवसांत होनोरा त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटली. मैदानात कागद देताना तिला कुणीतरी पाहिलं होतं, जमीनदाराने घर काढून घेतलं होतं.

"साहेब, माझा कागद कमी पडला का?"

माझ्या मुठीवरची त्यांची पकड घट्ट झाली.

"हो बाई. कमी पडला."

"मग चूक माझीच," ती म्हणाली. "मी फार उशिरा आले." आणि त्यांचे आभार मानून ती निघून गेली.

मित्रांनो, मला तेल लावू नका, पुसू नका. एवढंच करा, कुणी विश्वासाने काही हाती दिलं तर त्याच्या देखत उघडून वाचा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. हॅकेटना येत होतं.