बंद लिफ्टचे बटण दाबू नये

आमच्या इमारतीत एक पाटी आहे. तिच्यावर एवढंच लिहिलंय, ‘ही पाटी काढू नये.’ बस्स! वर काही नाही, खाली काही नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, शेजारी दुसरी पाटी असेल आणि ती पडली असेल. आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “असेल काहीतरी कारण. आपण कशाला काढायची?” आपली गाठ कसल्या माणसांशी पडली आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

या सगळ्या पाट्या सेक्रेटरींच्या. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त आहेत, अक्षर मोत्यासारखं आहे आणि वेळ तर विचारूच नका. गाड्या लावायच्या जागी त्यांनी लिहिलंय, ‘येथे वाहन लावू नये. लावल्यास सरळ लावावे.’ जिन्यात लिहिलंय, ‘रंग ओला आहे. हात लावून पाहू नये.’ ही पाटी लागली तेव्हा जन्मलेली पोरं आता कॉलेजात जातात, आणि पाटीच्या भोवती सगळ्या इमारतीच्या हातांचे ठसे आहेत. खालच्या दाराशी हातांची एक छान लाकडी खुर्ची आहे, तिच्या पाठीला लटकवलंय, ‘या खुर्चीवर बसू नये.’ मी एकदा विचारलं, मग ठेवलीत कशाला? तर सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, येणाऱ्याजाणाऱ्यांना बसायलाच ठेवली होती. पण लोक बसायला लागले.”

यावर काय बोलणार, कप्पाळ?

हसून सोडून द्यावं असंच सगळं. पण लिफ्टच्या पाटीनं मात्र आमच्या घरात रडायची वेळ आणली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर राहतो. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे आईंचे, गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट बिघडली आणि आईंचं खाली उतरणं बंद झालं. सेक्रेटरींनी पाटी लावली, ‘लिफ्ट बंद आहे.’ दोन दिवसांनी खाली दुसरी आली, ‘बंद लिफ्टचे बटण दाबू नये.’ पुढे कधीतरी दुरुस्तीवाला येऊन गेल्याचं कानावर आलं. मी लगेच सेक्रेटरींना गाठलं.

“झाली का हो दुरुस्त?”

“तसं लेखी काही आलेलं नाही. आणि बैठकीत ठरवून लावलेली पाटी बैठकीतच ठरवून काढावी लागते.”

“मग घ्या बैठक.”

“बैठक गच्चीवर असते, वहिनी. एवढे जिने चढून कोण येणार? लिफ्ट सुरू झाली की लगेच घेऊ.”

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही जाऊन बटण दाबून का नाही पाहिलंत? बरोबर आहे तुमचं. पण या इमारतीत राहून बघा म्हणजे कळेल. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी त्या दारासमोर उभी राहायचे, पाटी वाचायचे, सेक्रेटरींच्या नावानं बोटं मोडायचे आणि जिन्याकडे वळायचे. माझ्यासारखी फटकळ बाई हे करायची, तर बाकीच्यांची काय कथा! खुद्द सेक्रेटरीही तीन मजले धापा टाकत चढायचे. एवढं मात्र खरं, की माणूस आपल्या पाटीला जागणारा.

आता मावशींचं सांगते. मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण. समोरच्याच इमारतीत, रस्ता ओलांडला की घर. सत्तरी उलटली तरी आई त्यांना ‘छोटी’ म्हणतात. ही छोटी रोज दुपारी जेवणं आटोपली की यायची, आणि दोघी बहिणी चहा होईपर्यंत अख्ख्या जगाची उणीदुणी काढायच्या. मी आतल्या खोलीत पडल्यापडल्या सगळं ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे. घरात त्याच्यासारखी करमणूक नव्हती.

आणि एक दिवस मावशी यायच्याच बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही. आईंनी दोन दिवस वाट पाहिली, मग त्यांच्या नाकावरचा राग जागा झाला. “येत नाही तर नको येऊ दे. मी काय बोलावणं धाडू?” मी म्हटलं, फोन करा. “तिला बोटं नाहीत का?” तेवढ्यात लिफ्ट बंद पडली आणि आईंना आयतंच निमित्त मिळालं. “मी गेले असते गं. पण लिफ्ट बंद आहे ना.” समोरासमोर गॅलऱ्या, पण ही कपडे वाळत घालायची ती तिकडे पाठ करून आणि ती झाडांना पाणी घालायची ती इकडे पाठ करून. दोन म्हाताऱ्या इतके महिने एकमेकींना पाठच दाखवत होत्या. मला अस्सा राग यायचा! आणि तितकंच वाईटही वाटायचं, कारण आई दुपारी झोपत नसत. दाराकडे तोंड करून पडून राहायच्या.

मग मावशींच्या मुलाची बदली झाल्याचं कळलं. सगळं बिऱ्हाड हलणार, फार लांब. निघायच्या दिवशी जेवणं झाली आणि आई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली ट्रक लागला होता. गाद्या गेल्या, टेबल गेलं. दोघं हमाल एक हिरवं कपाट घेऊन बाहेर आले.

“छोटीचं कपाट,” आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. “मला खाली न्या गं. ती चारला निघणार म्हणे. पुन्हा भेट होईल न होईल. काही करा, पण मला खाली न्या.”

आईंनी इतक्या वर्षांत माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी ह्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

“उठा. आईंना खुर्चीत बसवून उतरवायचं.”

“आपल्या खुर्च्यांना हात कुठेत? पडेल ना ती,” हे म्हणाले. खरं होतं. हात असलेली खुर्ची एकच, खालच्या दाराशी. हे खाली गेले आणि बऱ्याच वेळानं खुर्ची घेऊन आले. पाठोपाठ धापा टाकत सेक्रेटरी.

“खुर्ची हलवताना पाहिलं म्हणून आलो,” ते म्हणाले. दम खाऊन विचारलं, “न्यायचं काय आहे?”

“आईंना.”

“मग परवानगी लागेल. जिन्यात पाटी आहे. अवजड सामान नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी.”

“अवजड सामान कुणाला म्हणता हो?” आई कडाडल्या.

“तसं नाही, आजी. नियम आपला सर्वांना सारखा. दिली परवानगी, दिली!” सेक्रेटरी दोन पावलं मागं सरले. मनानं वाईट नाहीत, हे मला कबूल करायला हवं. शेवटी एक बाजू उचलायला तेच तयार झाले.

मी दार लावून घेतलं, कारण आता चादरीनं बांधायचा कार्यक्रम होता आणि आईंना तो शेजाऱ्यांना दाखवायचा नव्हता. खुर्ची मांडली. आई आल्या, पाठीमागची पाटी वाचली आणि उभ्याच राहिल्या.

“यावर बसू नये लिहिलंय.”

“आई, बसा हो!”

“मोडकी असेल. उगाच कोण लिहील?”

“मोडकी नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग लिहिलंत कशाला?”

मी पाटी काढायला गेले, तर सेक्रेटरी म्हणाले, “काढता नाही येणार, वहिनी, बैठक...” मग मी जे तोंड सोडलं! सेक्रेटरींची पाटी, बैठक, गच्ची, कुणालाही शिल्लक ठेवलं नाही. हे मध्ये पडले तर ह्यांनाही सुनावलं. त्या गोंधळात कुठूनतरी घरघर ऐकू आली. मी म्हटलं, हा कसला आवाज? सेक्रेटरी म्हणाले, “कुणीतरी पलंग सरकवतंय. त्याचीही पाटी लावायला हवी.” शेवटी ह्यांनी पाटी उलटी फिरवली, कोरी बाजू पुढे आली, आणि त्या कोऱ्या पाटीवर विश्वास ठेवून आई बसल्या. चादर बांधली. मग त्यांना आठवलं, की केस विंचरलेले नाहीत. चादर सोडली. केस विंचरले. पुन्हा चादर बांधली. घड्याळाकडे बघून माझा जीव नुसता वरखाली होत होता.

“उचला!” मी म्हटलं आणि दार उघडलं.

दाराबाहेर आमचं चपलांचं बुटकं कपाट आहे. त्याच्यावर मावशी बसल्या होत्या. प्रवासाचे चांगले कपडे घातलेले, मांडीवर पर्स, हनुवटी छातीला टेकलेली. चक्क पेंगत होत्या.

“अगं बाई! मावशी!”

त्या दचकून जाग्या झाल्या. “चार वाजले का?”

“मावशी, कधीच्या बसलात? बेल नाही का वाजवायची?”

“दुपार आहे ना,” मावशी म्हणाल्या आणि आमच्या दाराकडे बोट दाखवलं. “पाटी आहे.”

मी वळून पाहिलं. आमच्याच दारावर, बेलच्या खाली, आईंच्या हातची पाटी होती, ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.’ रोज तिथूनच ये-जा करायची आणि ती मला दिसेनाशी झाली होती. दुपारचे विक्रेते फार त्रास द्यायचे, कुणी पाणी गाळायचं यंत्र विकायचा, कुणी ब्रश, म्हणून आईंनी ती लावली होती. आणि मावशींची यायची वेळ तीच.

“छोटे,” आईंचा आवाज एकदम बारीक झाला, “ती विक्रेत्यांसाठी होती गं.”

“तसं कुठं लिहिलंय?” मावशी म्हणाल्या. “मी आले, वाचलं, परत गेले. म्हटलं, ताईला आता माझा कंटाळा आला असेल. तोंडावर कसं सांगणार, म्हणून लिहिलं. आज आले, तर आत मोठमोठ्यानं भांडण चाललेलं. म्हटलं, आवरू दे त्यांचं. चार वाजले, की बेल वाजवून तोंड बघून जाईन.”

“चारला तर तुझी गाडी!”

“हो ना. तीच काळजी करत बसले होते, तेवढ्यात डोळा लागला.”

आई खुर्चीत बांधलेल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पण उठता येईना. मावशीच वाकल्या आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. हे भिंतीकडे बघत उभे राहिले. मी चादरीची गाठ सोडत होते, पण डोळ्यांतल्या पाण्यानं मला गाठच दिसत नव्हती.

तोंड उघडलं ते सेक्रेटरींनी. “पण आजी, तुम्ही चढून कशा आलात? तुमचेही गुडघे...”

“चढून कशाला? लिफ्टनं आले.”

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“लिफ्ट बंद आहे,” ते म्हणाले. “पाटी आहे. दोन आहेत.”

“असतील. माझा चष्मा कपाटात बांधला गेलाय. ही तुमची दारावरची मात्र मला पाठ आहे.”

चार वाजत आले होते. आम्ही सगळे लिफ्टपाशी गेलो. मावशींनी दार ओढलं, आत दिवा लख्ख. आई मात्र उंबऱ्यावर थबकल्या.

“छोटे, बंद आहे गं ही.”

“अगं, आत्ताच आले ना मी हिच्यातून!”

“आलीस खरी. पण बंद आहे.”

“ताई, तू येतेस का नाही?” असं म्हणून मावशींनी हात धरून आईंना आत ओढलं. आम्ही दोघं मागोमाग शिरलो. सेक्रेटरी काही आत आले नाहीत. “तुम्ही व्हा पुढे, खाली कुणीतरी हवं,” म्हणाले, आणि बिचारे चारही मजले जिन्यानं धावत उतरले. आम्ही खाली पोचलो, तेव्हा आमच्या मागून घामाघूम होऊन आले.

त्या दिवशी आईंनी इतक्या महिन्यांनी रस्ता पाहिला, पण कुठं पाहिला? मावशींचा हात हातात घेऊन गाडीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मावशींचा मुलगा त्यांना हळूच म्हणाला, “आई, निघूया.” मग मावशी म्हणाल्या, “ताई, आता दुपारी काय करशील?” आई म्हणाल्या, “झोपेन.” गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी त्या हात हलवत होत्या.

सेक्रेटरींनी आता लिफ्टची पाटी सुधारली आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘लिफ्ट बंद आहे. वापरताना काळजी घ्यावी.’ बैठक झाली, की काढणार आहेत. खुर्चीची पाटी कोऱ्या बाजूनंच आहे, आणि लोक म्हणे अजून बसत नाहीत.

आईंनी त्याच संध्याकाळी आमच्या दारावरची पाटी काढून मागितली, पेन मागितलं आणि उलट्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दुपारी बेल वाजवावी.’ मी मुकाट्यानं लावून दिली. तेव्हापासून विक्रेत्यांची नुसती रीघ लागली आहे. घरात ब्रश इतके झालेत, की ठेवायला जागा नाही. पण बेल वाजली, की मी उठायच्या आत आई उठतात. “बस गं, मी उघडते,” म्हणतात. भिंत धरत, त्या गुडघ्यांनी, दारापर्यंत जातात. कडीला हात घालण्याआधी केसांवरून हात फिरवतात.

तेवढा वेळ मी दुसरीकडे बघते.