पडद्यावरची कावेरी

आमच्या वेंकूआत्याने माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत अपशकुनी म्हटलं, आणि त्या दिवसापासून वरुणने कागदावर रेघ ओढली नाही. आता आत्या म्हणजे कोण? मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. आई गेल्यावर आम्हां दोघांना तिनेच वाढवलं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो मागे घेतलेला अख्ख्या तंजावरात कुणी ऐकलेला नाही. राग माझ्याही नाकावर असतो, पण माझा येतो नि जातो. तिचा मुक्कामाला राहतो.

घडलं ते असं. वरुण शाळेत ड्रॉइंग मास्तर. एका तमिळ साप्ताहिकात त्याची चित्रकथा दर आठवड्याला यायची. ‘कुलूप घातलेली नदी’ अशा अर्थाचं तिचं तमिळ नाव होतं. गोष्ट पुढल्या काळातली. कावेरी एका कंपनीने विकत घेतली आहे, धरणाच्या दाराला कुलूप आहे, माणसांना पाणी कार्डावर मिळतं, तेही प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ज्याच्या परसात विहीर सापडेल त्याला तुरुंग. सेल्वी नावाची बाई या पिशव्या वाटायच्या नोकरीत आहे. लोक वाचायचे आणि पोट धरून हसायचे. पाणी काय, पिशवीत? आणि विकत? आमच्या शेजारणीने तर मला भर रस्त्यात विचारलं, राजम, तुझा भाऊ बरा आहे ना?

आणि नेमकं त्याच वर्षी, आडीच्या अठराव्या दिवशी, कावेरीला पाणी आलं नाही.

आडी हा इथला आषाढ म्हणा, आणि आडी अठरा हा नदीचा सण. त्या दिवशी कावेरी गर्भारशी असते. मग तिचे डोहाळे नकोत का पुरवायला? चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात बांधून तिरुवैयारूच्या घाटावर जायचं. सुपात हळदीचे दोरे, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं, फुलं ठेवायची, ती पाण्यात सोडायची, आणि मग काठावर बसून भात खायचा. तमिळ बायका करतात तसंच आम्ही मराठी बायकाही करतो. पिढ्यान् पिढ्या जिचं पाणी प्यालो तिचे डोहाळे आम्ही नाही करायचे तर कुणी? तर त्या वर्षी सूप घेऊन घाटावर उतरलो आणि समोर नुसती वाळू. सगळा गोतावळा उभा होता. आत्या वरुणकडे वळली.

“तू कोरडी काढलीस, ती कोरडी झाली,” ती म्हणाली. “हात अपशकुनी आहे तुझा.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मी तिथल्या तिथे म्हटलं. आत्याने मला चौथीतल्या मुलीसारखं गप्प केलं. वरुणने खाली मान घालून भाताचे डबे उचलले. राहिलेले भाग त्याने आधीच पाठवले होते. ते छापून आले, गोष्ट संपली. त्यानंतर काय, तर शाळेच्या फळ्यावर आंबा आणि घागर. त्याची बायको विनुता मला सांगायची, अक्का, हे बसल्या बसल्या स्वतःचे हात बघत राहतात. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. आत्या त्याच्याशी वाईट वागत होती म्हणाल, तर तसंही नाही. त्याला आवडतं म्हणून आंबट भाजीचा डबा पाठवायची. पण तो शब्द काही मागे घेत नव्हती.

मग दिवस पालटले. घराघरांवर केबलच्या तारा आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.चे बूथ उभे राहिले, आणि एक दिवस बस-स्टँडवर पाणी विकायला आलं. आधी बाटलीत, मागोमाग पिशवीत. आमची तीच शेजारीण दाताने पिशवीचा कोपरा फोडून माझ्यासमोर घटाघटा पाणी प्याली. मी म्हटलं, माझा भाऊ बरा आहे हो. तिला बापडीला काही कळलं नाही.

त्याच सुमाराला मद्रासहून कल्याणराम नावाचा एक दिग्दर्शक आला. तरुण पोर. लहानपणी ही चित्रकथा त्याने पानं कापून, शिवून जपलेली, सगळी तोंडपाठ. त्याला सिनेमा करायचा होता. वरुण नको नको म्हणत होता. मी त्याला उभा-आडवा घेतला, विनुताने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे स्वारी हो म्हणाली.

सिनेमा झाला खरा, पण त्यात मोठा नट नाही, मारामारी बेताची, गाणी दोनच. वितरक हात लावेनात. शेवटी टॉकीजं रिकामी मिळाली ती आडी महिन्यात. आडीत आमच्याकडे लग्न होत नाही, घरभरणी होत नाही, मोठ्या नटाचा सिनेमाही लागत नाही. आधीच उल्हास, त्यात आडी मास! आत्याला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की अपशकुनाला महिनाही साजेसा मिळाला. ऐकलं आणि मी मनाशी गाठ मारली. मद्रासेत पडला तर पडो, मदुरेत पडला तर पडो, तंजावरात हा सिनेमा चालला पाहिजे. इथे पडला तर तो शब्द माझ्या भावाच्या कपाळावर कायमचा गोंदला जाणार.

शुक्रवारी पहिल्या खेळाला मी ऑफिसातून रजा काढून गेले. वरुण आलाच नाही. बस-स्टँडजवळच्या त्या टॉकीजात खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. पुढच्या बाकांवरचे टगे पहिल्या अर्ध्या तासातच गाणं लाव गाणं लाव म्हणून ओरडायला लागले. दोघे तिघे घोरत होते. कोरडी नदी पडद्यावर आली तसा एक शेतकरी उठला आणि जाता जाता मोठ्याने म्हणाला, पाणी नाही हे बघायला तिकीट कशाला, माझ्या वावरात फुकट दिसतं. हसले सगळे. मला त्याचा रागही आला आणि खोटं तर काय बोलला तो? शनिवारीही तीच गत. मॅनेजरने मला बघून मान खाली घातली. सोमवारपासून जुना देवाधर्माचा सिनेमा लावतो म्हणाला. म्हणजे हातात उरला रविवार.

त्या रविवारी आडी अठरा होती.

त्याही वर्षी नदीला पाणी नव्हतं. आम्ही गेलो तरी. न जाऊन कसं चालेल? आत्या, तिचे यजमान राममूर्तीराव, मी, विनुता, आणि भाताचे डबे उचलायला वरुण. घाटावर ही गर्दी. वाळूत एक पाइप आणून सोडला होता, त्याच्याखाली बायका बादल्या भरत होत्या आणि त्या बादलीलाच कावेरी म्हणून हळदकुंकू लावत होत्या. आत्याने ते पाहिलं मात्र, तिचं तोंड उतरलं. बादलीला मी कर्णफुलं वाहणार नाही, म्हणाली. भरलेलं सूप पदराखाली धरून ती तशीच बसमध्ये चढली. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. वरुणही खिडकीबाहेर बघत होता, कारण ती काय मनात म्हणत असेल ते त्याला ऐकू येत असणार.

तंजावरला उतरलो तर ऊन डोकं फोडणारं. न वाहिलेलं सूप घरात न्यायचं नाही, हा आत्याचा हट्ट. ऊन उतरलं की देवळाच्या तळ्यावर जाऊ, चिखल तर चिखल, असं ठरलं. तोवर बसायचं कुठे? आणि समोर टॉकीज. मी डाव साधला. म्हटलं, आत्या, आत पंखे आहेत, राममूर्तीरावांना भोवळ आल्यासारखं होतंय. ते बिचारे धडधाकट उभे होते, पण माझ्या डोळ्यांकडे बघून त्यांनी लगेच खांबाला हात टेकला. देवमाणूस.

आत्या म्हणाली, डोळे मिटून बसेन. वरुण म्हणाला, मी बाहेर डबे सांभाळतो.

आणि काय सांगू, तिरुवैयारूहून आलेल्या सगळ्या बसमधल्या बायकांना तीच अक्कल सुचली होती! पोरंबाळं, सुपं, भाताचे डबे घेऊन बाया आत शिरत होत्या. बायकांची बाजू भरली, मग पुरुषांची भरली, मग लोक पायऱ्यांवर बसले. मॅनेजर तिकिटं फाडता फाडता घामाघूम.

सुरुवातीला पोरांची रडारड, डब्यांची खडखड. मग पडद्यावर पाण्याच्या पिशव्यांची रांग आली आणि एकजण ओरडली, अगं हे तर आपलं बस-स्टँड! हशा पिकला. पुढे विहीर लपवली म्हणून म्हाताऱ्याला धरून नेतात, तिथे हसू थांबलं. बाया अधिकाऱ्याला शिव्या घालायला लागल्या, त्याही अशा की लिहायची सोय नाही. आत्याचे डोळे केव्हा उघडले ते मला दिसलं नाही. मला ऐकू आलं ते तिचं शाळेतलं बोलणं. पडद्यावर पाण्याची रांग सांभाळणाऱ्या शिपायाला ती दरडावत होती की पोटुशी बाईला उभी ठेवतोस, लाज नाही वाटत?

आणि मग तो भाग आला. आडी अठरा आहे, नदी कोरडी आहे, बायका सुपं घेऊन वाळूतून चालत येतात आणि कुलूपबंद दारापुढे बसतात. बस, नुसत्या बसतात. पहारेकरी हसतात. वरुणने हे कित्येक वर्षांपूर्वी चितारलं होतं, आणि आम्ही तिथूनच आलो होतो, पायाला अजून ती वाळू होती. माझ्या पुढच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली. मीही रडले. कशाला लपवू?

सेल्वीने दगड उचलला. एक घाव, दुसरा घाव, कुलूप तुटलं. दार उघडलं आणि पाणी आलं. आधी वाळूवर जिभेएवढं, मग पाटाएवढं, आणि मग अख्खा पडदा भरून कावेरी.

सगळं टॉकीज उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, तोंडावर हात मारून कुलवईचा मंगल आवाज काढणाऱ्या बाया. त्या गोंधळात आत्या उठली. मला वाटलं बाहेर निघाली. ती पदराखालचं सूप दोन्ही हातांत धरून सरळ पुढे गेली, पडद्याच्या पायाशी वाकली, हळद वाहिली, फुलं वाहिली, मणी आणि कर्णफुलं ठेवली, आणि पडद्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावला. आमची हेडमास्तरीण! तिच्यामागे दुसरी गेली, तिसरी गेली, मग लोटच्या लोट. एकमेकींच्या गळ्यात हळदीचे दोरे बांधले, कुणी कापूर लावला. मॅनेजर वाळूची बादली घेऊन धावत आला, आग लागली समजून. समोर बघितलं, बादली खाली ठेवली आणि चपला काढल्या. रीळ संपायला आलं तशा बाया ऑपरेटरच्या खिडकीकडे बघून ओरडल्या, अजून आमचं व्हायचंय, पाणी परत सोड! त्याने परत सोडलं. परत एकदा सोडलं. शेवटची सुवासिनी उठेपर्यंत तंजावरात कावेरी वाहत होती.

आरडाओरडा ऐकून वरुण डबे तसेच टाकून आत आला होता. दाराचा पडदा मुठीत धरून उभा, चेहरा पांढराफटक. आत्या रिकामं सूप घेऊन मधल्या वाटेने वर आली आणि त्याच्यासमोर थांबली. मी मागेच होते.

तो हळूच म्हणाला, “आत्या, पाणी चित्रातलं आहे. खरं नव्हे.”

“मला ठाऊक नाही होय?” आत्या म्हणाली. “चित्रानं नदी आटते म्हणालें, तेव्हा मुकाट ऐकून घेतलंस. आता चित्रानं भरते म्हणतें, तेही ऐकून घे. हात अपशकुनी नव्हता तुझा. माझी जीभ होती.”

एवढं बोलून ती गर्रकन वळली आणि शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात, तमिळमध्ये, सगळ्या टॉकीजाला ऐकू जाईल असं म्हणाली की ही नदी ज्याने काढली तो हा, माझा भाचा, माझ्या हाताखाली वाढलेला. मग काय विचारता! मघाचे शिट्टीवाले धावले, त्याला खांद्यावर घेतलं, आणि आमचा लाजाळू ड्रॉइंग मास्तर वरून नुसता हात जोडत होता, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता. खाली आल्यावर आम्ही टॉकीजाच्या पायऱ्यांवरच डबे सोडले. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे जेवले. मॅनेजरही चिंचेचा भात खात खात सांगून गेला की सोमवारचा सिनेमा रद्द. पुढे दीपावळीपर्यंत त्याने दुसरा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना वरुणने शाई आणि जाड कागद आणला. नवी गोष्ट कसली आहे ते तो कुणाला सांगत नाही. आत्या रोज संध्याकाळी येते, त्याच्या खांद्यावरून वाकून बघते, आणि तो झाकून ठेवतो म्हणून त्याच्यावर ओरडते.