अक्काबरोबरचं भटकणं

अक्काला फिरायला घेऊन जा, असं वहिनीनंच नवऱ्याला सुचवलं होतं. अक्का तिची थोरली नणंद. स्वतःचा नवरा वारल्यावर ती भावाकडे राहायला आली होती आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वहिनीचा नवरा नाटकं बसवायचा, पण नाट्यगृहात नाही. कधी गोदामात, कधी पुलाखाली. जागा शोधायला तो नुसता भटकायचा. काही ठरवायचं नाही, पाय वळतील तिकडे वळायचं. पूर्वी या भटकण्यात वहिनीही त्याच्यासोबत असे. पुढे नाटकाच्या कपड्यांबरोबर बाहेरची शिलाईही येऊ लागली आणि ती मशीनला जी खिळली ती खिळलीच.

"जरा पाय मोकळे होतील त्यांचे," ती म्हणाली होती.

पाय मोकळे झाले आणि जीभही. दोघं हसतच घरात शिरू लागली. जेवताना अक्का म्हणे, "तो गच्चीवरचा..." की नवरा म्हणे, "हो, हो, आणि खाली ती!" मग पुन्हा हसणं.

"कोण गच्चीवरचा?" वहिनी विचारी.

"अगं, सांगून नाही कळायचं. बघायलाच हवं."

बघायलाच हवं म्हणे! वहिनी भांडी जरा जास्तच आपटायची.

एके दिवशी नवरा दारातूनच ओरडत आला. "अक्कानं जागा शोधली!" जुन्या रस्त्यावरचा बंद पडलेला पेट्रोल पंप. अक्का खांबाला टेकून सहज गुणगुणली, तर वरच्या छतानं तिचा आवाज भरून परत दिला. "लोक गाड्यांसारखे रांगेत उभे राहतील. इतक्या वर्षांत अशी जागा मिळाली नाही मला."

"आणि मी दाखवलेला तो कापडबाजारातला जिना?"

"कुठला जिना?" त्यानं खरंच न आठवून विचारलं. त्या जिन्यावर त्याचं पहिलं गाजलेलं नाटक झालं होतं. वहिनीच्या अंगाची लाही लाही झाली.

पंपाच्या मालकानं तोंडी होकार दिला, तालमी सुरू झाल्या. अशात एक गिऱ्हाईक बाई ड्रेस टाकायला आली. तिचा नवरा खोदकामाची कंत्राटं घ्यायचा.

"लवकर द्या हं. पुढच्या आठवड्यात ह्यांचं मोठं काम निघतंय. त्या बंद पंपाखालच्या टाक्या काढायच्यात, छतही पाडणार म्हणे. मग मला कुठली फुरसत!"

मशीनवरचा वहिनीचा पाय थांबला. मग पुन्हा चालू लागला. "देते," ती म्हणाली.

संध्याकाळी सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण ती खोलीत गेली तेव्हा दोघं जमिनीवर काड्यापेट्या मांडून कोण कुठल्या खांबाशी उभं राहणार ते बघत होती. कुणी मान वर केली नाही. ती तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही, तिसऱ्याही नाही.

पुढच्या आठवड्यात नाटकाची मंडळी तालमीला गेली तेव्हा छत खाली आलं होतं आणि जेसीबी जमीन उकरत होता. नवरा घरी येऊन बूट न काढता बसून राहिला. अक्का म्हणाली, "मी हात लावीन त्याचं असंच होतं," आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. वहिनीला आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "येतेस का तू?"

याच दिवसाची तिनं वाट पाहिली होती. पण चालताना ती गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तशी एकेक जागा दाखवू लागली. हे बघ, ते बघ. तो मान हलवायचा आणि पुढे जायचा. एका वखारीपाशी म्हणाला, "अक्का असती तर इथं थांबली असती." पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

वहिनी रस्त्यातच उभी राहिली. "मला माहीत होतं."

"काय?"

"पंप पाडणार ते. गिऱ्हाइकानं आधीच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्हा दोघांच्या मध्ये शिरायला फट तरी होती का?"

तो ओरडला नाही. "हे अक्काला सांग," एवढंच म्हणाला आणि घराकडे वळला.

वहिनीनं अक्काच्या पाठीला सगळं सांगितलं. अक्का कुशीवर वळली. "इतका राग माझा?"

"राग नव्हे, अक्का. जळत होते मी तुमच्यावर."

"माझ्यावर?" अक्का उठूनच बसली. "माझ्यावर जळण्यासारखं काय उरलंय गं?" तिला हसू फुटलं, डोळे मात्र भरले. मग तोंड पुसून ती कडक आवाजात म्हणाली, "पण तू सगळ्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलंस. हे मी विसरायची नाही."

"नका विसरू."

पुढच्या वेळी तिघं निघाली. फुटपाथ दोघांपुरताच होता, त्यामुळे वहिनी बहुतेक वेळ मागेच राहिली. गाड्या ठेवायच्या एका इमारतीच्या उतारावर दोघं भावंडं एकदमच थांबली आणि तिला कळलं, नाटक आता इथं होणार.

आतून पुन्हा कढ आला. ती मोठ्यानं म्हणाली, "मला काही दिसत नाहीये इथं. नीट सांगा."

दोघं एकमेकांकडे बघू लागली. अक्कानं सुरुवात केली, अडखळली, मग भावानं सांगून पाहिलं. वहिनी मागे हटली नाही, एकेक शब्द विचारत राहिली.