किरकोळ दुरुस्ती

नागापूरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत उझ्मा नोकरीला होती. रविवारी मात्र ती केडगावच्या घरी बसून स्वतःचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम सांभाळायची. पोल्ट्रीची शेड तापली की पंखा लावायचा आणि गार झाली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम. स्वस्तातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तो चालायचा, म्हणून कुठल्याकुठल्या गावांतले लोक तो फुकट उतरवून घ्यायचे. एका कॉलेजने तिला त्यावर बोलायला बोलावलं होतं. तिथला तिचा फोटो अब्बांनी दुकानात लावला होता.

एप्रिलातल्या एका रविवारी कुणा अनोळखी परदेशी माणसाने तिला लिहिलं, ‘सेकंद मोजायला तुम्ही इंट प्रकारचा आकडा वापरलाय. छोट्या बोर्डावर इंट दोनच बाइटांचा असतो.’

पुढचं वाचायची तिला गरजच पडली नाही. दोन बाइटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. पंखा बंद होऊन तेवढे सेकंद, म्हणजे नऊ तासांहून थोडे जास्त, उलटले की मोजणी धाडकन वजा बत्तीस हजारावर जाऊन पडणार. आणि मोटर जळू नये म्हणून अट तिनेच घातली होती: पंखा बंद होऊन दोन मिनिटं झाल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. वजा आकडा दोन मिनिटांहून कमीच. म्हणजे रात्र गार गेली की सकाळी शेड कितीही तापो, मोजणी पुन्हा शून्यावर येईपर्यंत, दुपार उलटेपर्यंत, पंखा ढिम्म. तिच्या टेबलावरचा बोर्ड मोठा होता. त्यात इंट चार बाइटांचा, म्हणून तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

पण कुणीतरी सांगितलं होतं. तिला अंधुक आठवलं आणि तिने प्रोग्रॅमच्या पानावरच्या जुन्या तक्रारी उघडल्या. मार्चातली तक्रार होती, जामखेडकडच्या मोनिका नावाच्या मुलीची. ‘रात्री पंखा बंद राहिला की सकाळी चालू होत नाही. बोर्ड बंद करून पुन्हा लावला की चालतो. बघता का?’ खाली उझ्माचं उत्तर, ‘वायरिंग तपासा. इथे शाळकरी शंका विचारू नयेत.’ त्याखाली मोनिका, ‘सगळी वायरिंग काढून पुन्हा केली. तरी तेच.’ त्यावर उझ्माने काहीही न लिहिता तक्रार बंद करून टाकली होती. बंद केलेलं तिने पुन्हा कधी उघडलं नव्हतं. त्यामुळे शेवटची ओळ ती आज पहिल्यांदा वाचत होती.

‘आज बोर्ड पुन्हा लावायला उशीर झाला. पिल्लं मेली. आता नाही बघितलं तरी चालेल.’

उझ्माचे कान तापले. तिने इंटच्या जागी मोठे आकडे मावणारा लाँग केला, छोट्या बोर्डावर तपासलं आणि नवी आवृत्ती टाकली. काय बदललं ते लिहायच्या जागी तिने दोन शब्द लिहिले, ‘किरकोळ दुरुस्ती’. अम्मीने जेवायला हाक मारली तेव्हा तिने लॅपटॉप घाईने मिटला.

कामावर कुणी हाक मारली तरी ती दचकू लागली. शेवटी तिने रजा टाकली आणि जामखेडची एसटी धरली. मोनिकाने आपल्या नावाखाली गाव आणि वडिलांच्या पोल्ट्रीचं नाव दिलेलं होतं, त्यामुळे घर सापडायला अवघड गेलं नाही. शेडच्या दारात मोनिकाचे वडील, रंगनाथ, पाण्याची भांडी धूत बसले होते. अर्ध्याहून जास्त शेड रिकामी होती.

“कोन पाहिजे, ताई?”

उझ्माने नाव सांगितलं. घरातून बाहेर आलेली मोनिका ते ऐकून उंबऱ्यातच थांबली.

उझ्मा वाटेत जुळवलेली वाक्यं विसरली. “काका, पंखा बंद पडला तो माझ्या प्रोग्रॅममुळे,” ती म्हणाली. “मोनिकाने मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. उलट तिलाच बोलले.”

“म्हंजी पोरीची वायर बरोबर हुती?”

“सगळं बरोबर होतं तिचं.”

रंगनाथांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “चार मानसांत बोललो मी हिला,” ते खाली बघत म्हणाले. “म्हनलं, तुज्या हातानं मारलीस पिल्लं. कपाटात घातला तिचा सगळा पसारा. लई बोललो.”

मोनिकाने वडिलांकडे पाहिलं नाही. ती उझ्माला म्हणाली, “मॅडम, नवीन आवृत्ती आली ते मला दिसलं. त्याला किरकोळ का लिहिलं?”

हे तिने वाचलं असेल, असं उझ्माच्या स्वप्नातही नव्हतं. “लाज वाटली,” ती कशीबशी म्हणाली.

“तुम्हाला लाज वाटली. पण जुनाच कोड अजून किती शेडमध्ये असेल! किरकोळ वाचून कोण बदलील तो?”

इतके दिवस उझ्मा फक्त आपलं तोंड कसं लपवायचं ते बघत होती. त्या बाकीच्या शेडचा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

बाजेवर बसून तिने लॅपटॉप उघडला. बिघाड काय, कोणत्या बोर्डावर, का, सगळं लिहिलं. मोनिका मागे उभी राहून वाचत होती. “सकाळी पंखा लागत नाही, हे पहिल्या ओळीत घ्या,” ती म्हणाली. “लोकांना तेवढंच दिसतं.” उझ्माने घेतलं. मग मार्चातली तक्रार पुन्हा उघडून तिथेच, सगळ्यांना दिसेल अशी माफी मागितली. मोनिकाने तीही वाचली. असू द्या, वगैरे काही म्हणाली नाही. आत जाऊन चहा मात्र घेऊन आली.

परतीच्या एसटीत फोन वाजत राहिला. एकाने शिव्या घातल्या होत्या. एकाने लिहिलं होतं की आपण विनाकारण मोटर बदलली. आष्टीकडच्या एका बाईने, आजच कोड बदलला, लई उपकार झाले, असं लिहिलं होतं. शिव्या तिने शांतपणे वाचल्या. उपकाराची ओळ मात्र तिला वाचवेना; ते उपकार मोनिकाचे होते. फोन मांडीवर पालथा ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली. कंडक्टरने कुठे उतरायचं ते विचारलं, तेव्हा तिकीट काढून तिने फोन पुन्हा सुलटा केला.