पुठ्ठ्यामागचा सहादू

मित्रांनो, नाशिकच्या या वाचनालयाच्या मागच्या पडवीत जो मोडक्या पाठीचा बाक पडला आहे ना, तो मी. माझ्यावर आता रद्दीचे गठ्ठे ठेवतात. पण मी अस्सल सागवानी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१९७१ साली एका सुताराने मला घडवलं आणि मी मोफत वाचन कक्षाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून उभा राहिलो. वकील, मास्तर, पेन्शनर माझ्यावर बसून पेपर वाचायचे. 'बाक भक्कम आहे हो,' असं कुणी म्हटलं की मी फुशारून जायचो. पुढे वेगळी माणसंही येऊ लागली. त्यांना घर नव्हतं आणि सावलीत बसायला दुसरी जागा नव्हती. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा. मळके कपडे, घामाचा वास आणि वर माझ्यावर आडवं होणं! सभासदांनी तक्रारी केल्या, तसा शिपाई फकिरा झोपलेल्यांना हाकलू लागला.

अशात मालनबाई आल्या. त्या निवृत्त परिचारिका. दर बुधवारी दुपारी माझ्यावर बसून त्या या लोकांचे रेशनकार्डाचे, दवाखान्याचे अर्ज लिहायच्या. ज्याला पत्ता नाही, त्याच्या अर्जावर वाचनालयाचा पत्ता घालायला त्यांनी ग्रंथपालांना राजी केलं. फकिराशीही त्यांनी एक नियम ठरवून घेतला.

"ज्याच्या हातात पेपर, तो वाचक. वाचकाला उठवायचं नाही."

"बरं बाई. पेपर हाय तर माझं काय म्हननं नाय."

१९८३ च्या हिवाळ्यात सहादू आला. मूळचा घोटीकडचा. सातपूरच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. खोकला जडला तसं काम सुटलं, मग भाड्याची खोलीही सुटली. त्याची छाती पार कामातून गेली होती. दवाखान्यात खाट मिळावी म्हणून मालनबाईंनी त्याचा अर्ज केला. मंजुरीचं पत्र वाचनालयात यायचं होतं. सहादूचा सगळा जीव त्या पत्रात अडकला होता.

त्याला अक्षरओळख नव्हती. माझ्या कोपऱ्यात पाय वर घेऊन तो बसायचा आणि जाड पुठ्ठ्यात बांधलेलं साप्ताहिक गुडघ्यांवर उभं करायचा. पुठ्ठ्यामागे डोळे मिटले तरी कुणाला दिसत नसे.

"फकिरा, आलं का रं माझं पत्तर?" तो रोज विचारायचा.

"नाय आलं. वाच तू गप."

कधी तो माझ्यावरून हात फिरवून म्हणायचा, "लय ऊब हाय या लाकडाला." माझा राग केव्हा गेला, मला कळलंच नाही.

तो आल्यापासूनच्या पाचव्या बुधवारी सकाळी तो बसला तेव्हा त्याचं अंग तापाने भाजत होतं. अकराच्या सुमारास त्याचा श्वास अडकू लागला. मला तो फळ्यांतून जाणवत होता. मग खोकला थांबला. शेजारच्या पेन्शनरांनी हुश्श केलं.

दुपारी मालनबाई लगबगीने आल्या. टपालात आलेलं पाकीट त्यांच्या हातात होतं.

"फकिरा, सहादूची खाट मंजूर झाली रे! शुक्रवारी न्यायचंय."

"उठवू का त्याला?"

त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. "नको. आज खोकत नाहीये, लागलाय डोळा तर लागू दे. नियम आपलाच आहे ना?"

त्याच्याशेजारी त्या दोन तास अर्ज लिहीत बसल्या. पाकीट दोघांच्या मध्ये माझ्यावर ठेवलेलं होतं. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. लाकूड कसं ओरडणार?

पाच वाजता, कक्ष बंद करायच्या वेळी, फकिराने पुठ्ठा बाजूला केला. मालनबाईंनी मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

"गार पडलाय," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसले होते रे. इथेच."

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. तासातासाला फकिरा प्रत्येकाचा पेपर बोटाने खाली करून विचारायचा, "बाबा, बरं हाय ना?" सभासद वैतागायचे, तरी विचारायचाच. तीन वर्षांनी मालनबाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं. पुढे फकिराही निवृत्त झाला. आता तिथे पेपर धरलेल्याला कुणी उठवत नाही आणि कुणी विचारतही नाही.

माझी पाठ दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी कुणी फार वेळ गप्प बसलं असेल, तर त्याचा पुठ्ठा जरा खाली करा आणि विचारा. त्या दिवशी सहादूच्या शेजारी आम्ही बरेच जण होतो. त्यांत बोलता येत नव्हतं ते फक्त मला.